करिअरच्या पानावर ब्रिज (पत्त्यांचा खेळ) आणि बुद्धिबळाचे प्रोग्राम लिहिणारे पण येऊ द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

बारावीचा निकाल लागला की आपल्या पेपरात करिअरचं पान सुरू होतं आणि त्यात इंजिनिअरिंग, मेडिकल, बँक, एमपीएससी हेच फिरून फिरून येतं. गुकेश २०२४ ला जगज्जेता झाला, नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ ला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा तुम्ही छान बातम्या दिल्या, पण ही पोरं रोज ज्या सॉफ्टवेअरवर तयारी करतात ते लिहिणाऱ्या माणसांबद्दल एक ओळ पण कधी वाचली नाही. तेही आयुष्यभराचं काम आहे आणि माझ्या मते आपल्या सोलापूरच्या पोरांना जमण्यासारखं आहे.

इंग्लंडचा ख्रिस व्हिटिंग्टन बघा. ऐंशीच्या दशकात घरगुती स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवर, ज्याची मेमरी फक्त ४८ केबी म्हणजे आज मोबाईलवर येणाऱ्या एका गुड मॉर्निंगच्या फोटोपेक्षा कमी, त्यात त्यानं बुद्धिबळाचा प्रोग्राम बसवला आणि ब्रिजचा पण. नंतर चेस सिस्टिम ताल काढलं, त्यात नुसता वेग वाढवण्यापेक्षा पटाची समज घालायची, जुना जगज्जेता मिखाईल तालसारखी मोहरी बळी देऊन हल्ला करायचा असा त्याचा आग्रह. दुसरा अमेरिकेचा मॅथ्यू गिन्सबर्ग, विद्यापीठात एआयचं संशोधन करता करता जिब नावाचा ब्रिजचा प्रोग्राम लिहिला, १९९८ ला फ्रान्समध्ये लिल इथं पत्ते खेळायच्या कोड्यांची स्पर्धा झाली त्यात जिब ३५ जणांत १२ वा आला, बाकी सगळे जगातले नावाजलेले खेळाडू. ब्रिज बेस ऑनलाइन या वेबसाइटवर भिडू मिळाला नाही की समोर बसणारा रोबो अनेक वर्षं हाच होता.

बुद्धिबळात १९९७ लाच आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरनं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, आता तिथं माणूस जिंकायचा प्रश्नच उरला नाही. ब्रिजचं तसं नाही. ज्याला मेंढीकोट येतं त्याला हे लगेच कळेल कारण पानं झाकलेली असतात. डमी म्हणजे भिडूची पानं टेबलावर उघडल्यावरसुद्धा २६ पानं दिसत नाहीत आणि ती दोघांत १,०४,००,६०० प्रकारे वाटली जाऊ शकतात. प्रोग्राम त्यातली थोडी वाटपं घेतो, प्रत्येकात सगळी पानं उघडी धरतो आणि काय खेळलं की जास्त हात होतात ते मोजतो. इथंच तो फसतो. समजा इस्पिकची राणी डावीकडं आहे की उजवीकडं हे ठरवायचंय, तर उघड्या पानांत राणी दिसतेच, म्हणून त्याच्या हिशोबात आत्ता ठरवलं काय आणि नंतर ठरवलं काय सारखंच, आणि माहिती काढायची खेळी तो करतच नाही. चांगला खेळाडू आधी किलवर चौकट खेळून कुणाकडं किती पानं हे मोजून घेतो आणि मग राणीला हात घालतो. २०२२ ला पॅरिसमध्ये नूक नावाच्या प्रोग्रामनं आठ विश्वविजेत्यांना ८० पैकी ६७ संचांत मागं टाकलं ही मोठीच गोष्ट, पण त्यात बोली, म्हणजे किती हात करणार हे आधी सांगणं, नव्हती, फक्त पानं खेळायची होती. भिडूची बोली समजून घ्यायची, समोरच्यानं मुद्दाम चकवलं तर ओळखायचं, हे काम अजून बरंच बाकी आहे.

आणि आपल्याकडं कॉम्प्युटरच्या पोराला फायनल इयरचा प्रोजेक्ट विचारा, लायब्ररी मॅनेजमेंट नाहीतर हॉस्पिटल मॅनेजमेंट, सीनियरचा कोड नाव बदलून दिलेला. मला याचं फार वाईट वाटतं कारण पोरं हुशार आहेत, त्यांना कुणी अवघड काम देतच नाही. पास झाली की हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला. स्टॉकफिश हे बुद्धिबळ खेळणारं जगातलं सगळ्यात ताकदवान इंजिन, म्हणजे प्रोग्राम, पूर्ण फुकट आणि खुलं आहे, कुणीही कोडमध्ये सुधारणा पाठवायची, मग जगभरातले लोक आपापले कॉम्प्युटर देतात त्यांच्यावर हजारो डाव खेळवून ती तपासली जाते आणि ताकद खरंच वाढली, किंवा कमी न होता कोड सोपा झाला, तरच आत घेतात. तिथं डिग्री विचारत नाहीत आणि गाव पण विचारत नाहीत, जुळे सोलापुरातल्या पोरानं रात्री घरी बसून पाठवलं तरी चालतं. पगार लगेच मिळणार नाही हे खरं, पण असं काम दाखवता आलं तर मुलाखतीत त्याला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

तर साहेब, यंदाच्या करिअर पानावर या विषयाला अर्धं पान तरी द्या. आणि कॉलेजांतल्या सरांना विनंती, एका तरी ग्रुपला यंदा मेंढीकोट खेळणारा प्रोग्राम करायला द्या, चार भिडू, हुकूम आणि झाकलेली पानं सगळं त्यात आहेच, पुढं ब्रिजकडं जाता येईल. पत्त्यांची बाजू समजावून सांगायला कुणी लागलं तर मी यायला तयार आहे.

आपला नियमित वाचक,
जुळे सोलापूर