असोद्याच्या आजींना, मालगुंडहून

आदरणीय आजी,
साष्टांग नमस्कार.

आमचं मालगुंड केशवसुतांचं, तुमचं असोदं बहिणाबाईंचं माहेर. कोकणातल्या आणि खानदेशातल्या शाळांनी आपापल्या कवीचे व्हिडिओ करून एकमेकांना पाठवायचे ठरले, पण सुरुवातीचे व्हिडिओ अगदीच कंटाळवाणे होते. आमची मुलं हात मागे बांधून घडाघडा बोलली: जन्म १८६६, मृत्यू १९०५, १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन. तिकडूनही तोच पाढा आला: जन्म १८८०, निधन १९५१, पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक.

मग नातीच्या मोबाइलसमोर तुम्ही बसलात.

बहिणाबाईंची मोटेची कविता आमच्या वर्गाला तोंडपाठ होती, पण बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची ती मोट कुणी पाहिली नव्हती. इकडे राहाट, तोही आता पंपामुळे कुठेकुठेच उरलेला. तुम्ही अंगणात काडीने विहीर काढलीत, बैलांच्या उताराची धाव काढलीत, मोटेचं पाणी पडायचं थारोळं काढलंत. बैल उताराने खाली जातात तेव्हा भरलेली मोट वर येते, थारोळ्यात रिकामी होते आणि बैल तसेच मागे मागे चालत वर येतात! हा तुकडा मुलांनी परत परत लावायला लावला. बैल उलटा चालतो यावर सातवीचा निम्मा वर्ग अजून विश्वास ठेवायला तयार नाही.

लिहिता येत नसताना एवढ्या ओव्या बहिणाबाईंच्या लक्षात कशा राहायच्या, असं एका मुलीने विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "हात जात्यावर असला की तोंडाला आपसूक येतं." मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पीतांबर यांनी त्या उतरवून घेतल्या नसत्या तर काय झालं असतं, यावर मग वर्गात बराच वेळ चर्चा रंगली. तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही. (पुढच्या तासाच्या गणिताच्या सरांनी मात्र ऐकली.)

पण आजी, खरे आभार तुमच्या उलट प्रश्नाचे. "कवीचं घर दाखवलंत, पण त्याची माय रांधायची कुठं, पाणी कुठून आणायची?" आमच्यापैकी कुणाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. आता मुलं वाडीवाडीतल्या म्हाताऱ्यांना जुन्या चुली आणि पाणवठ्यांबद्दल विचारत हिंडताहेत, आणि हात मागे बांधायला कुणालाच सवड नाही.

पहिला व्हिडिओ चालू राहाटाचा येतोय. लांब झालाय, तेव्हा नातीला मोबाइलमध्ये जागा करून ठेवायला सांगा.

आपली,
मराठीची बाई आणि सातवीचा वर्ग