नावं विचारायची राहिली

मे महिन्यात नागपूरहून पुण्यात आलो. सामान लागलं, गॅस मिळाला. सहावीत जाणाऱ्या लेकाची शाळा काही ठरेना. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. घंटा, गोंगाट सहन होत नाही (रेल्वेचं वेळापत्रक मात्र तोंडपाठ!). एका खासगी शाळेने "अशी मुलं आम्ही घेत नाही" म्हणून वाटेला लावलं.

तिथे फाटकाबाहेर मला पाणी देणाऱ्या ताई, तुमचे आभार. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता येते, मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव करता येत नाही, हे तुमच्याकडूनच कळलं. "पण भांडून मिळवलेल्या बाकावर पोरगं रमेल का, तेही बघा," हेही तुम्हीच म्हणालात.

आणि दुसऱ्या शाळेतले शिपाईकाका! "मधल्या सुट्टीत या, तेव्हा खरी शाळा दिसते." आलो. दंगा होताच, पण एक मुलगा कान झाकून वाचनालयात बसला होता आणि त्याला कुणी उठवत नव्हतं. बाईंनी आम्हाला सोडून लेकालाच विचारलं, "तुला कुठे बसायला आवडेल?"

"खिडकीपाशी. पंख्याखाली नको."

आता तिथेच बसतो. काका, तुम्ही काम सोडून गावी गेलात म्हणे. पेढे द्यायचे राहिलेत.