धून राखून ठेवायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आमच्या लघुपटाचा शेवटचा प्रसंग पाहून लोक विचारतात, "तिथे अंगावर काटा येतो, ते नेमकं काय वाजतं?" याचं उत्तर तुमच्याकडून आलेलं आहे. म्हणून आभारही चारचौघांत मानते आहे.

प्रसंग तुम्हाला आठवत असेल. पुराचं पाणी गावात शिरतं आणि इतका वेळ फक्त आजीच्या बोलण्यात असलेला राखणदार वेशीवरच्या दगडातून उठून उभा राहतो. दिग्दर्शकाला इथे ढोल, कोरस, सगळंच हवं होतं. तुम्ही प्रसंग शांतपणे पाहिलात आणि विचारलंत, "ही धून लोकांनी याआधी कुठे ऐकली आहे?"

मग तुम्ही संगीतकार हॉवर्ड शोर यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या चित्रपटमालिकेसाठी केलेलं काम उलगडून दाखवलंत. २००३ च्या तिसऱ्या भागात डोंगरमाथ्यांवर एकामागून एक आगट्या पेटत जातात तो प्रसंग. खाली व्हायोलिनची धावती लय, वर पितळी वाद्यांवर गोंडोर या राज्याची धून. तुम्ही तिथेच थांबवलंत आणि थेट २००१ च्या पहिल्या भागावर गेलात. रिव्हेंडेल या एल्फांच्या वस्तीत भरलेल्या सभेत गोंडोरचा योद्धा बोरोमीर आपल्या राज्याबद्दल बोलतो आहे आणि संवादाखाली, लक्ष दिलं तरच कळेल अशी, एकट्या हॉर्नवर हीच धून. गोंडोर अजून पडद्यावर नीट दिसलेलंही नाही! दोन वर्षांनी ज्वाळा पेटतात तेव्हा प्रेक्षकाला ती चाल ओळखीची वाटते, आणि का वाटते हे त्याला कळत नाही. सगळी ताकद त्या न कळण्यात आहे, हे तुम्ही मला कानांनी पटवलंत.

त्याच कथेतल्या रोहान या घोडेस्वारांच्या राज्याच्या धुनेवर आपण संध्याकाळभर बसलो होतो. ती वाजते नॉर्वेच्या हार्डांगर फिडलवर. त्या वाद्यात गजाच्या तारांखाली आणखी तारा असतात, आपल्या सारंगीच्या तरफांसारख्या, न छेडता घुमणाऱ्या. "वाद्य निवडलं तिथेच अर्धं पात्र उभं राहिलं," असं तुम्ही म्हणालात. खलनायक सारुमानच्या आयझेनगार्ड या गडाचा ठेका पाच मात्रांचा. टाळी देत चालून पाहा म्हणालात, आणि खरंच, दर आवर्तनाला समेवरचं पाऊल बदलतं. अंगाला स्वस्थता मिळतच नाही. आणि अंगठी नष्ट करायला निघालेल्या त्या नऊ सोबत्यांची धून! जसजसे ते जमतात तसतशी ती भरते, रिव्हेंडेलमध्ये पूर्ण वाजते, आणि गट फुटू लागला की तीही तुटक होते. जर्मन संगीतकार वाग्नरने अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या धुनांवर चार संगीतिकांचा प्रचंड डोलारा उभा केला, १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला तो सलग सादर झाला, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्याचा उपयोग कसा करायचा ते तुमच्या खोलीत कळलं.

मग आपण आमच्या राखणदाराकडे वळलो. आजी गोष्ट सांगते तिथे बासरीवर धुनेचे पहिले तीनच सूर, चौथ्याआधी थांबायचं. मुलगी वेशीवर दिवा ठेवते तिथे तेच तीन सूर, पण चेलोवर आणि निम्म्या लयीत. चौथा सूर फक्त शेवटी, राखणदार मान वर करतो त्या क्षणी. आणि ढोल? ते तुम्ही पाण्याच्या आवाजानंतर आणलेत, धून पूर्ण वाजून गेल्यावर. त्याआधी नुसता कोरस, तोही शब्दांशिवाय. दिग्दर्शकाने पहिल्यांदा ऐकलं आणि "पुन्हा लाव" एवढंच म्हणाला.

सर, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चालींचं नोटेशन लिहून देणाऱ्या तुमच्यासारख्या अरेंजरचं नाव श्रेयनामावलीत फार वेळा आलेलं नाही. आमच्या लघुपटात ते आहे, संगीताच्या पाटीवर, माझ्या नावाच्या आधी. तुम्ही नको म्हणाला होतात. ते मात्र मी ऐकलं नाही. तुमची नोटेशनची वही माझ्याकडे जपून आहे. पुढच्या आठवड्यात घेऊन येते, आणि नव्या पटकथेतले दोन प्रसंगही.

तुमची विद्यार्थिनी