झबलं कुणी विणलं?

परभणी

प्रिय दिगू,

दिवाळीत फोन कट झाला तो झालाच. नंतर ना तू केलास, ना मी. जाऊ दे. आमच्या घरात जे झालंय ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसून हसून लोळेल. तूही हसशील, पण तुला कळेल तरी. माझी शुगर आहे तशीच.

रेणूला सातवा लागलाय. पहिलटकरीण, म्हणून बाळंतपण इथंच, अन् तेही ऐन चैत्रात. दुकानातली लोकरीची झबली पाहिली तर मलाच घाम फुटला. म्हणून मऊ सुती दोरा आणला, धुऊन वाळवला अन् क्रोशाची सुई हातात घेतली. हो, काकूंनी शिकवलेलंच. 1972 च्या दुष्काळात मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन आपण तुमच्या ओसरीवर बसायचो. पोरं उन्हात हिंडू नयेत म्हणून काकू सुई द्यायच्या. तू साखळी अशी आवळायचास की पुढच्या ओळीत सुई शिरायची नाही. ती सुई तुझ्यामुळंच वाकली, तू काहीही म्हण.

झबलं गळ्यापासून खाली घेतलं. चार कोपरे धरायचे, दर ओळीला प्रत्येक कोपऱ्यात खांबाचे दोन टाके, एक साखळी, परत दोन खांब. खांदे पुरेसे रुंद झाले की बाह्यांचे खांब तसेच सोडायचे अन् पाठ-पोट जोडून सरळ खाली उतरायचं. बाळाच्या डोक्याचा घेरच 35 सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणून पाठीमागं उघडं ठेवलं. जाळीची नक्षी घेतली नाही, भोकात बोटं अडकतात. दोऱ्याची टोकं आतून पक्की ओवली. इतकं नीट झालं की मीच उलटं-सुलटं करून बघत बसायचो.

अन् इथंच घोळ झाला. हिचं म्हणणं, बाळ यायच्या आधी काही करू नये, आल्यावर आधी जुनेरच घालायचं. म्हणून मी उशीखाली ठेवलं. डोहाळजेवणाच्या दिवशी विहीणबाई त्याच खोलीत टेकल्या अन् त्यांच्या हाताला तेच लागलं. "अगं बाई, कुणी विणलं हो?" मी तोंड उघडायच्या आत ही म्हणायली, "मीच, जमेल तसं." दिगू, हिला साधी साखळी घालता येत नाही! रात्री विचारलं, कामून असं बोललीस? तर म्हणे, "तुम्ही विणता म्हणून सांगू? व्याही काय म्हणतील?" चाळीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली तेव्हा व्याह्यांची भीती नव्हती, सुई धरली की लाज!

आता विहीणबाईंचा फोन आलाय. रविवारी येतायत, ताईंकडून शिकायला. सोबत दोरा अन् सुईसुद्धा. ही तेव्हापासून माझ्याशी गोड बोलायलीय, म्हणजे धोका आहे. रोज रात्री दार लावून शिकवतोय. खांबाला सुईवर आधी एक वेढा घ्यायचा, हे तिच्या डोक्यात जातच नाही. चिडली की म्हणते, "तुम्ही तिकिटंच फाडायला पाहिजे होती." काल म्हणे, हाताला फडकं बांधून भाजल्याचं सांगते. मी म्हटलं, मग मीच शिकवतो सगळ्यांसमोर. तर रडायलाच लागली. सांगून टाकावं तर ती खोटी ठरते, गप्प बसावं तर काकूंची विद्या माझ्या हातात असून बिनवारशाची ठरते. राग कसला येतो माहितेय? कौतुक झालं तेव्हा माझेही डोळे चमकले, अन् ते हिनं बघितलं.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी? पुण्यात सुनेशी जरा जमवून घे. तूर ठेवली का विकली?

एक सांग, काकू झबल्याला मागं नाडी लावायच्या का बटण? मला आखूड नाडी आठवते, पण बाळ चोखत बसेल असं वाटतं, अन् बटण तुटून तोंडात गेलं तर वेगळंच. रविवारच्या आत फोन कर. ही जवळ असली तर मी तुरीच्या भावाचंच बोलेन. तू मात्र नाडीचं काय ते सांग.

तुझा,
नाना