दोन्ही निष्कर्ष निघत नाहीत, मग उत्तर ‘एकतर’ कसं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या स्पर्धा परीक्षा पानावर विधान-निष्कर्षाच्या प्रश्नांची उत्तरसूची छापताना नुसता पर्याय क्रमांक दिला, की अभ्यासिकेत हमखास दोन तट पडतात. भांडण बहुतेक वेळा एकाच जागी असतं. इकडचंच उदाहरण घेऊ (पऱ्हाटी म्हणजे कपाशी, वावर म्हणजे शेत, बरड म्हणजे हलकी, मुरमाड जमीन).

विधानं : सर्व पऱ्हाटीची वावरं कोरडवाहू आहेत. काही कोरडवाहू वावरं बरड आहेत.
निष्कर्ष : (१) काही पऱ्हाटीची वावरं बरड आहेत. (२) पऱ्हाटीचं एकही वावर बरड नाही.

उत्तरसूची म्हणते, ‘एकतर १ किंवा २’. पोरं म्हणतात, पहिला निघत नाही, दुसराही निघत नाही, मग ‘दोन्ही नाही’ हेच बरोबर! त्यांचा आक्षेप फालतू नाही. फक्त ‘निघत नाही’ म्हणजे विधानांवरून खात्रीने सांगता येत नाही, एवढंच; ते ‘खोटं आहे’ असं धरल्यामुळे गाडी अडते.

आकृती काढा. पऱ्हाटीचं वर्तुळ पूर्णपणे कोरडवाहूच्या पोटात. बरडचं वर्तुळ कोरडवाहूला छेदतं, पण आतल्या पऱ्हाटीला शिवतं की नाही, याबद्दल विधानं गप्प आहेत. म्हणून एकदा शिवून काढा, एकदा न शिवता. दोन्ही आकृत्या विधानांत बसतात. पहिलीत निष्कर्ष २ खोटा पडतो, दुसरीत १. म्हणून एकट्याने कोणताच निघत नाही. पण शिवणं आणि न शिवणं यांखेरीज तिसरी आकृती निघतच नाही. म्हणजे ‘१ किंवा २’ हे जोडविधान मात्र प्रत्येक आकृतीत टिकतं. बोअर मारण्याआधी पाणी लागेल असं छातीठोक सांगता येत नाही, लागणार नाही असंही नाही. दोहोंपैकी एक होणार, हे मात्र गाडी वावरात शिरायच्या आधीच पक्कं असतं.

खरी अडचण पर्यायांच्या शब्दांत आहे. ‘एकतर १ निघतो किंवा २ निघतो’ असं वाचलं तर ते चूकच ठरतं. ‘१ किंवा २ यांपैकी एक खरा असणार, एवढं निघतं’ असा तो पर्याय वाचायचा. आणि ‘दोन्ही नाही’ म्हणजे एकेकट्याने निघत नाहीत, ‘१ किंवा २’ असं जोडूनही निघत नाहीत. हा परीक्षेचा संकेत आहे. बऱ्याच प्रश्नपत्रिका तो सांगत नाहीत.

‘एकतर’ दिसलं की डोळे झाकून गोल भरणारेही आपटतात. आधी दोन्ही निष्कर्ष स्वतंत्रपणे तपासावेत. एक जरी निघाला, तरी ‘एकतर’चा विषय संपला. मग जोडी पाहावी : ‘काही आहेत’ आणि ‘एकही नाही’, किंवा ‘सर्व आहेत’ आणि ‘काही नाहीत’. ‘सर्व आहेत’ आणि ‘एकही नाही’ ही जोडी नव्हेच, कारण काही असतील आणि काही नसतील तर दोन्ही एकदम खोटे पडतात. पहिल्या जोडीत एका निष्कर्षातली नावं उलटसुलट झाली तरी चालतं. ‘एकही बरड वावर पऱ्हाटीचं नाही’ म्हटलं तरी अर्थ तोच. दुसऱ्या जोडीत उलटवलं की जोडी मोडते.

आमच्या उदाहरणात आणखी एक खोडी मुद्दाम ठेवली आहे. बरडावर पऱ्हाटी पेरलेली इथल्या पोरांनी पाहिलेली असते, म्हणून ती सरळ पहिल्या निष्कर्षावर खूण करतात. परीक्षेत ‘सर्व पेन टेबल आहेत’ असली अचाट विधानं येतात, त्यातला एक फायदा हाच, की डोक्यातली माहिती मधे लुडबुडत नाही.

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण आयबीपीएसच्या बँक परीक्षांत प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा जातो. तेव्हा आपल्या स्पर्धा परीक्षा पानावर अशा प्रश्नाच्या उत्तरापुढे दोन ओळींचं कारण आणि शक्य तिथे दोन्ही आकृत्या छापाव्यात, ही विनंती. जागा कमी पडत असेल तर प्रश्न दोन कमी द्या.

आपले,
बुद्धिमत्ता चाचणी शिकवणारे शिक्षक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती