पाठमोऱ्यास पत्र

पुणे, 21 ऑगस्ट 2022

प्रिय पाठमोऱ्या,

चार महिने तुझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत बरी. आईचा गुडघा आहे तसाच, आबांची शुगर आटोक्यात. झालं.

कोलंबोला दोनदा जाऊन आलो, एप्रिलमध्ये आणि मग जुलैत. फोटो पाहिलेच असशील. पलंगावरचा तर नक्कीच, पक्याने तो स्टेटसला ठेवला होता. त्याचंच लिहायचंय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर 'एवढं काय त्यात' म्हणेल. तू म्हणणार नाहीस, म्हणून तर इतके दिवस टाळत होतो.

गॉल फेस म्हणजे समुद्राला लागून लांबलचक मैदान, जवळच राष्ट्राध्यक्षांचं सचिवालय. 9 एप्रिलला पोरं तिथे जमली आणि उठलीच नाहीत. तंबू ठोकले, वस्तीचं नाव ठेवलं 'गोटागोगम'. गोटा म्हणजे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे, 'गो' म्हणजे चालता हो, गम म्हणजे गाव. आपल्याकडे गोटा म्हणजे नदीतला दगड, तोही आपणहून जागचा हलत नाही, हे मी तिथल्या एका पोराला समजावलं तर तो पुढचा आठवडाभर भेटेल त्याला सांगत फिरला. हाच तो फोटोतला पोरगा. विद्यापीठात शिकतो. सिंहलीत थोरल्या भावाला 'अय्या' म्हणतात. तो लांबून 'अय्याऽ' अशी हाक मारायचा आणि मला दर वेळी आपल्या वर्गातल्या मुली आठवायच्या.

त्याच्या तंबूत मी झोपलो, त्याच्या वाटणीचा पाव खाल्ला. घरी तेरा-तेरा तास वीज नाही, आई गॅसच्या रांगेत, कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकललेल्या. आणि इथे ही पोरं वाचनालय चालवतायत, रमजानचा रोजा सोडायला सगळ्या धर्मांची एका पंगतीत बसतायत. रात्री पापरे बँड, म्हणजे क्रिकेटच्या मॅचला वाजवतात तो. (आपल्या ढोलपथकाचा धाकटा भाऊ समज, फक्त अंगात जरा कमी येतं.) 2021 मध्ये सरकारने रासायनिक खत एका फटक्यात बंद केलं होतं, हे आबांना फोनवर सांगितलं. त्यांना बाकी आंदोलनाचं काही विचारायचंच नव्हतं. "युरिया नाही? मग भात कसा येईल रे?" एवढंच दोनदा म्हणाले.

मे महिन्यात सरकारच्या समर्थकांनी काठ्या घेऊन तंबू मोडले, तेव्हा मी इथे होतो. मग जुलैत गेलो. पेट्रोल तिथल्या 470 रुपयांना लिटर, तेही साध्या माणसाला मिळत नव्हतं. 9 जुलैला माणसं रेल्वेने, सायकलवर, चालत आली आणि राष्ट्राध्यक्षांच्या घरात शिरली. कुणी पोहण्याच्या तलावात उड्या मारतंय, कुणी नुसतंच छताकडे बघत उभं. घरात सापडलेले 1 कोटी 78 लाख रुपये पोरांनी मोजून पोलिसांच्या ताब्यात दिले. हे लक्षात ठेव.

आमचा पोरगा झोपण्याच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसला होता. चपला काढून. पाहुण्याच्या घरी टेकतात ना, तसा. खरा फोटो तो होता, मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी म्हणालो, आडवा हो. पाय वर घे. इकडे बघ, हस. तो हसला, कारण अय्याने सांगितलं.

हे कुणालाच माहीत नाही. ज्यांनी माझ्याकडून तो फोटो छापायला घेतला त्यांनाही नाही.

आता तिकडे पोलीस फोटो छापतायत, 'यांना ओळखता का' म्हणून. राष्ट्राध्यक्षांचा ध्वज चादर म्हणून वापरला त्या माणसाला धरलं. परवा पोराचा मेसेज आला. "अय्या, तो फोटो आईला फार आवडला होता. आता काढून टाकता येईल का?" तो सध्या घरी झोपत नाही. मी फोटो छापणाऱ्यांना कळवलं. ते म्हणाले आमच्याकडून काढू, पण जिथे जिथे गेलाय तिथून कसा काढणार?

तुला 2018 चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवतोय? नाशिकहून निघालो तेव्हापासून तू प्रत्येकीला "आजी, फोटो काढू का?" विचारत होतास. आजी पदर सावरायच्या, हसायच्या, आणि माझ्या मते फोटो मरायचा. ठाण्यात मी सगळ्यांदेखत म्हणालो की तुला माणसांच्या पाठीच काढता येतात. तू त्या दिवशी जेवला नाहीस. नंतर कॅमेरा विकलास तो फ्लॅटच्या हप्त्यासाठी, असं तू सांगतोस आणि मीही तसंच धरून चालतो.

माझ्या डिस्कवर अजून हजारभर चेहरे आहेत. पुसू? पुसले तर ती पोरं तिथे होती हे कुणाला सांगणार, आणि ठेवले तर कुणाच्या हाती लागतील? रात्री दोनला उठून एकेक उघडतो नि बंद करतो. बायको म्हणते चहा कमी कर.

हां, लेक शाळेत जायला लागली म्हणे! फोटो पाठव. (चेहऱ्याचा चालेल.) वहिनींच्या बदलीचं काय झालं? गणपतीला येतोयस ना, 31 ला बसतायत. आई उकडीच्या मोदकांच्या वेळी तुझं नाव काढतेच.

त्या पोराला अजून उत्तर दिलेलं नाही. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र त्याला तीन दिवस दिसतायत. काय लिहू ते तू सांग. आणि या वेळी फोन नको करूस, लिहून पाठव.

तुझाच,
बंड्या

ता. क. तुझी 35 ची लेन्स कसाऱ्याला चोरीला गेली नव्हती. माझ्याकडेच आहे. पलंगावरचा फोटो तिनेच काढला.