गियर बघा हो, पण न विचारता बोलू नका

संपादक महोदय, स.न.वि.वि.

ऑनलाइन गेमवर पेपरात जे येतं ते सगळं व्यसन आणि डोळे खराब होण्याबद्दल, पण आत लोक एकमेकांशी वागतात कसं यावर कोणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. विषय छोटा आहे. दुसऱ्या प्लेयरच्या कॅरेक्टरवर क्लिक करून त्याने काय गियर (शस्त्रं, चिलखत, अंगठ्या वगैरे) घातलंय ते बघणं, म्हणजे इन्स्पेक्ट.

काही जणांना नुसतं बघितलेलंच खटकतं. मला नाही पटत. नवीन माणूस शिकतो कसा? आपल्याच क्लासचा (योद्धा, जादूगार असा कॅरेक्टरचा प्रकार) कोणी भारी खेळताना दिसला की त्याची तलवार कुठली, जेम (वस्तूत बसवायचे ताकदीचे खडे) कुठले, एन्चांट (वस्तूवर चढवलेली जादू) कुठलं हे बघूनच की. फायनल फँटसी ११ मध्ये (२००२ चा गेम) तुम्ही कोणाला चेक केलंत की त्याच्या चॅटमध्ये लगेच मेसेज जायचा की अमक्याने तुम्हाला बघितलं, त्यामुळे तिथे बरेच जण आधी विचारायचे नाहीतर निदान हात तरी हलवायचे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये समोरच्याला पत्ताच लागत नाही. तर गिल्ड वॉर्स २ वाल्यांनी २०१२ मध्ये गेम काढला त्यात ही सोयच ठेवली नाही, दाखवायचं असेल तर आपणच आपल्या वस्तूची लिंक चॅटमध्ये टाकायची. मला हा शेवटचा प्रकार जरा जास्तच सोवळा वाटतो, पण त्यामागचं कारण समजतं.

कारण खरी कटकट बघण्याची नाहीच, बघितल्यावर जे तोंड सुटतं त्याची आहे. परवाचंच बघा, डंजनच्या (ग्रुपने मिळून राक्षस मारत जायची जागा) दारात पाच जण जमलो, ग्रुप लीडर एकेकाजवळ जाऊन उभा राहतोय, तेव्हाच कळलं काय चाललंय, आणि मग सगळ्यांसमोर पार्टी चॅटमध्ये हीलरला (लढताना बाकीच्यांना बरं करणारा), "अंगठीवर एन्चांट नाही, हे असलं घालून येतात का?" हीलर एक अक्षर बोलला नाही, ग्रुप सोडून गेला. मग बसलो आम्ही दुसरा हीलर शोधत, आणि लीडरसाहेब म्हणतात आजकाल हीलर मिळत नाहीत! कसे मिळतील?

तेच व्हिस्परमध्ये, म्हणजे फक्त त्यालाच दिसेल अशा मेसेजमध्ये, "एन्चांट राहिलंय वाटतं, माझ्याकडे आहे, देऊ का" असं लिहायला किती वेळ लागला असता? आणि खरंच गियर कमी पडत असेल तर सुरू व्हायच्या आधी सरळ सांगा की बाबा या रेडला (मोठ्या ग्रुपची अवघड मोहीम) एवढं आयटम लेवल (गियरच्या ताकदीचा आकडा) लागेल, तुझं होत नाही. त्यात अपमान काही नाही. अर्धं डंजन संपल्यावर, बॉसच्या (मोठ्या राक्षसाच्या) तोंडाशी आणून ग्रुपमधून किक करणं हा मात्र शुद्ध हलकटपणा आहे, त्या माणसाचा पण वेळ गेला ना.

आणि आकड्यावर फार जाऊ नये. वॉरक्राफ्टमध्ये २००९-१० च्या सुमारास गियरस्कोर नावाचं अ‍ॅडऑन (गेमला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) फार चाललं होतं, सगळं गियर मिळून एकच नंबर द्यायचं. आता त्यात प्लेयर-विरुद्ध-प्लेयरसाठीचं गियर घातलं तरी नंबर चढायचा, रेडमध्ये त्याचा उपयोग असो नसो, आणि आगीतून बाजूला व्हायची अक्कल आहे का ते तर कुठल्याच नंबरात येत नाही. तरी लोक दारातच नंबर विचारून हाकलायचे. अ‍ॅडऑन बदलली, सवय तीच.

कंपन्यांनी एवढं तरी करावं की सेटिंगमध्ये एक बटण द्यावं, माझं गियर सगळ्यांना दिसावं, फक्त ग्रुपमधल्यांना, की कोणालाच नाही. ज्याला रेडला जायचंय तो ग्रुपपुरतं उघडेल, बाकी गावात टाइमपास करणाऱ्याला कोणाची तपासणी नको.

बाकी कोणाचा ट्रान्समॉग (गियरचं वरून बदललेलं रूप) आवडला आणि हा टोप कुठे मिळाला म्हणून विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा, त्याचा राग आलेला माणूस मी अजून बघितला नाही.

आपला,
एक गेमर वाचक